बादलीची कुंडी, खणाचा वाफा: कोणतं साहित्य उन्हात टिकतं आणि कोणतं नाही

गळकी बादली, पत्र्याचा डबा, मोडक्या टेबलाचा खण, लोखंडी खुर्चीचा सांगाडा अशा वस्तू घरातच पडून असतात. त्यांना उन्हाळ्यात बागेत किंवा गच्चीवर कामाला लावायचं म्हटलं, तर खर्च येतो तो ड्रिलचं बिट, प्रायमर, गोंद आणि वॉर्निश यांवर. नवी केलेली वस्तू महिन्याभरात पोपडे धरते, उकलते किंवा तिच्यातलं झाड सडतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा याच साहित्यात असतो. हे परीक्षण म्हणूनच त्या साहित्याचं आहे. निकष एकच, उघड्यावर, भर उन्हात आणि रोजच्या पाण्यात ते टिकतं की नाही.

एकच हत्यार विकत घ्यायचं असेल तर स्टेप ड्रिल बिट घ्यावं. शंकूसारख्या आकाराचं आणि पायऱ्या असलेलं हे बिट पातळ पत्र्याला भोकं पाडण्यासाठीच बनवलेलं असतं. साधं पिळाचं बिट पातळ पत्र्यात आरपार जाताना अडकतं, भोक तिकोनी होतं आणि हातातला डबा गरकन फिरून बोटं कापतात. स्टेप बिट प्रत्येक पायरीला थोडा थोडाच पत्रा कापत जातं, त्यामुळे भोक गोल आणि कड बरीच स्वच्छ मिळते. 4 ते 20 मिमीचं, दर 2 मिमीला पायरी असलेलं बिट कुंड्यांच्या सगळ्या कामाला पुरतं. सोनेरी मुलाम्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. घरगुती वापरात त्याचा फरक जाणवत नाही. बिट हाय-स्पीड स्टीलचं आहे ना, एवढं पाहावं. मर्यादा एकच, पायरीच्या उंचीपेक्षा जाड पत्र्यात भोक सरळ न होता निमुळतं होतं.

वापरायची रीत अशी. जागेवर खिळ्याने ठोकून खूण करावी, नाहीतर टोक घसरतं. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा धरावा, डबा हाताने न धरता शिकंज्यात आवळावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा. वेग कमी ठेवावा आणि तेलाचा एक थेंब टाकावा. ड्रिल आत मावत असेल तर भोक आतून बाहेर पाडावं. पत्र्याची उचललेली कड मग बाहेरच्या बाजूला येते. ती आत राहिली तर भोकाभोवती छोटा बांध तयार होतो, तळाशी पाणी साचतं आणि पत्रा तिथूनच गंजतो. आतून पाडणं शक्य नसेल तर कानशीने आतली कड घासून सपाट करावी. 30 सेंमी व्यासाच्या बादलीला 10 ते 12 मिमीची 5 भोकं आणि 15 सेंमीच्या डब्याला 8 मिमीची 3 भोकं पुरतात. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यावर वेग आणखी कमी करावा आणि दाब मात्र सोडू नये. बिट नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस आणखी कडक होतं आणि बिटाची धार जाते.

भोकं पाडली की तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घालायची सवय सोडून द्यावी. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवावा, वरपर्यंत माती भरावी आणि कुंडी जमिनीपासून 1 ते 2 सेंमी उचलून ठेवावी.

काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांना हिऱ्याच्या कणांचा मुलामा असलेलं पोकळ बिट लागतं. स्वस्त संचही चालतात, फक्त कठीण पोर्सिलेनवर त्यांचा मुलामा लवकर झिजतो. हॅमर मोड, म्हणजे ड्रिलची ठोके देत फिरण्याची सोय, बंद ठेवावा. बिट आधी तिरकं टेकवून चंद्रकोरीसारखी खाच पाडावी आणि मग हळूहळू सरळ करावं. भोकावर सतत पाणी हवं, म्हणून या कामाला बॅटरीवर चालणारं ड्रिलच घ्यावं. टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेला भोक पाडायच्या भानगडीत पडूच नये, तिचा क्षणात चुरा होतो. एनामलचा लेप असलेल्या जुन्या भांड्यांवर आधी याच बिटाने लेप कापावा, नंतर स्टेप बिट लावावं. उघडं पडलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरने झाकावं, कारण एनामलचं भांडं गंजायला सुरुवात भोकाच्या कडेपासूनच होते.

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक छटा निवडण्यात वेळ घालवतं आणि प्रायमर हाताला लागेल तो उचलतं. व्हायला हवं नेमकं उलटं. साध्या लोखंडासाठी रेड ऑक्साईड प्रायमर अजूनही उत्तम आहे. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं, थिनरच्या फडक्याने पुसावं आणि मग प्रायमरचा हात द्यावा. गंज खोल असेल तर आधी रस्ट कन्व्हर्टर लावावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळसर, स्थिर थर तयार करतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. स्वच्छ, चकचकीत लोखंडावर कन्व्हर्टरचा उपयोग नाही, कारण त्याला काम करायला गंज लागतो. आणि तो काळा थर म्हणजे रंग नव्हे, वरून प्रायमर आणि रंग न दिल्यास पावसाळ्यात गंज परत येतो.

जस्ताचा मुलामा असलेल्या बादल्या आणि टब यांच्याबाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. त्यांच्यावर थेट ऑइल पेंट दिला की तो सुरुवातीला सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत सालीसारखा निघतो. अशा तेलाच्या (अल्किड) रंगातल्या तेलाची जस्ताच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. रंगाचे हात वाढवून हे थांबत नाही. बादली साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा, व्हिनेगरने पुसून पृष्ठभाग मंद होऊ द्यावा, भरपूर पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावर डब्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी असं स्पष्ट लिहिलेला प्रायमर लावावा. त्यावर ॲक्रिलिक रंग चांगला बसतो. हा प्रायमर न मिळाल्यास बादली न रंगवता तशीच वापरावी, जस्ताचा करडा रंग झाडांसोबत छानच दिसतो.

जुन्या रंगाबद्दल एक इशारा. फार जुन्या लाकडी आणि लोखंडी सामानावरच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये, जाळू नये. शंका असेल तर ती वस्तू खाण्याच्या भाज्यांसाठी आणि मुलांच्या वापरासाठी घेऊच नये.

स्प्रे पेंट की ब्रश, याचं उत्तर वस्तूच्या आकारात आहे. जाळी, वेत, गोल नळ्या यांवर स्प्रे सरस ठरतो, तर सपाट फळ्यांवर ब्रश स्वस्त पडतो आणि रंगाचा थरही जाड देतो. स्प्रेचा डबा आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून निदान एक मिनिट हलवावा, 25 ते 30 सेंमी अंतर ठेवावं आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. तापलेल्या पत्र्यावर भर दुपारी स्प्रे करू नये. रंग हवेतच वाळून भुकटीसारखा बसतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पुढचा हात कधी द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते काटेकोर पाळावं लागतं. अनेक एनामल रंगांच्या स्प्रेंना दुसरा हात तासाभरात द्यावा लागतो, नाहीतर थेट एक-दोन दिवसांनी. मधल्या वेळेत दिला तर नव्या हातातलं थिनर खालचा अर्धवट वाळलेला थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात.

चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मंद दिसणारा रंग, बाहेरच्या वस्तूंसाठी घेऊ नये. त्यावर लावायचं मेण उन्हात नरम पडतं आणि धूळ धरतं.

प्लास्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 2 किंवा 5 असेल तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन असतं. यांवर प्लास्टिकसाठीच्या खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही, नखाने ओरखडला तरी निघतो.

आता गोंद. ग्लू गन घरोघरी असते आणि बागेच्या कामासाठी तिच्याइतकी चुकीची खरेदी दुसरी नाही. तिच्या साध्या कांड्या साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान नरम पडतात, आणि गडद रंगाचा पत्रा उन्हात 60 अंशांच्या पुढे सहज तापतो. शिंपले, फरशीचे तुकडे, हुक असं काहीही तिने चिकटवलं तर उन्हाळ्यातच गळून पडतं. रचना जुळवून पाहायला तात्पुरती पकड एवढाच तिचा उपयोग. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाच्या डब्यावर डी1 ते डी4 अशी श्रेणी असते का ते पाहावं. डी3 पाण्याला काही काळ तोंड देतो, उघड्यावर राहणाऱ्या सामानाला डी4 हवा. धातूवर फरशीचे तुकडे बसवायला दोन भागांचा इपॉक्सी गोंद भरवशाचा, पण दोन्ही पृष्ठभाग खरखरीत केलेले असावेत.

सिलिकॉन घेताना वास हीच खूण. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेला उत्तम, पण ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने जस्ताचा मुलामा व उघडं लोखंड गंजतं. पत्र्यासाठी न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना असं आम्ल न सोडणारं, लिहिलेलंच घ्यावं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून आधी रंग आणि मग सिलिकॉन. वजन पेलायचं असेल तिथे मात्र कोणत्याच गोंदावर विसंबू नये. 10 लिटर ओली माती 12 ते 15 किलोपर्यंत भरते. भिंतीवरचा खण किंवा टांगलेला डबा स्क्रू, वॉशर आणि रिव्हेटवरच हवा.

लाकडाच्या बाबतीत पहिली परीक्षा डोळ्यांनी होते. खणाची न रंगवलेली कड पाहावी. भुसा दाबल्यासारखी किंवा पुठ्ठ्यासारखी दिसली तर तो पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ आहे. त्याची कुंडी कितीही वॉर्निश देऊन टिकत नाही, स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि फळी फुगते. पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्यांवरचा शिक्का वाचावा. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आहे, ते घ्यायला हरकत नाही. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नये. शिक्का नसेल किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असतील तरी नको.

वॉर्निशमध्ये स्पार वॉर्निश घ्यावं, घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन नव्हे. लाकूड उन्हात आणि पाण्यात फुगतं-आकसतं. स्पार वॉर्निश त्याच्याबरोबर लवतं आणि त्यात अतिनील किरण अडवणारे घटक असतात. घरातलं पॉलियुरेथेन कडक असल्याने त्याला भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि लाकूड काळं पडतं. पहिला हात थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा, म्हणजे तो मुरतो. नंतर निदान तीन पूर्ण हात, प्रत्येकाच्या मधे 220 नंबरचा हलका पॉलिश पेपर. फळीच्या कापलेल्या टोकांना एक हात जास्त द्यावा. लाकूड पाणी सर्वांत जास्त तिथूनच पितं आणि नेमकी तीच जागा रंगवायची राहून जाते. पुढे चकाकी मंदावली की लगेच एक हात द्यावा. पोपडे सुटेपर्यंत थांबलं तर सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

टेबलावर ओतायचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन सध्या फार लोकप्रिय आहे. सावलीतल्या टेबलाला ते शोभतं. उन्हात मात्र ते पिवळं पडतं आणि तापल्यावर नरम होऊन त्यावर गरम भांड्याचे ठसे उमटतात.

पत्र्याच्या कुंड्यांचा उन्हाळ्यातला खरा शत्रू उष्णता आहे. मुळांभोवतीची माती 40 अंशांच्या आसपास गेली की बहुतेक झाडांची मुळं होरपळू लागतात, आणि ते कडेच्या मातीत आधी होतं. बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग द्यावा. त्याहून चांगलं म्हणजे झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि मधे दोन-तीन सेंमी हवा राहू द्यावी. डब्याला भोकं तरीही हवीतच.

जुन्या चादरींची सावली करायला आयलेट (दोरी ओवायच्या भोकाला बसवायची धातूची कडी) संच चांगला. आयलेट पितळी किंवा स्टेनलेस घ्यावेत, मुलामा दिलेले लोखंडी गंजून कापडावर डाग पाडतात. कड दोनदा दुमडून शिवावी आणि आयलेट 30 ते 40 सेंमी अंतरावर बसवावेत. सुती चादर ओलाव्यात लवकर कुजते, पॉलिएस्टरची जास्त टिकते. टायरच्या कुंड्यांत फुलझाडंच लावावीत, भाज्या नकोत, आणि टायरच्या आतल्या खोबणीत पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून खाली चार-पाच भोकं पाडावीत.

वापरून झालं की स्प्रेचा डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबावा, म्हणजे तोंड चोंदत नाही. जवस तेल किंवा वॉर्निश पुसलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून कडक वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत.