एनव्ही४५०० गिअरबॉक्स, काही महिन्यांनंतर: तक्रार एकच, पण मोठी

हलका पिकअप स्वतःच्या हिशोबाने बांधायला घेतला की सगळे आधी इंजिनावर बोलतात. गिअरबॉक्सचं नाव निघालं की चर्चा टॉर्कवर जाते आणि तिथेच संपते. माझा एनव्ही४५००, म्हणजे न्यू व्हेंचरचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, आता बरेच महिने गाडीत आहे. एकदा खाली उतरवून परत चढवलाही. तेव्हा जे कळलं ते लिहितोय, कारण गिअरबॉक्स निवडताना इंजिन आणि गिअरबॉक्सची केंद्रं एका रेषेत आहेत का हे मोजायचं असतं, असं मला कोणीही सांगितलं नव्हतं.

गिअर रेशो, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, बहुतेकांना माहीत असतील: पहिला ५.६१, दुसरा ३.०४, तिसरा १.६७, चौथा सरळ, पाचवा ०.७३. बिडाचं घर, वजन ९० किलोच्या आसपास. माझ्याकडे ४.१० रेशोचा एक्सल, ३१ इंची टायर आणि २.७२ लो रेंजचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा, लो रेंजमध्ये वेग आणखी कमी करणारा डबा). इंजिन सहा सिलिंडरचं पेट्रोल, खालच्या आरपीएमला जोर देणारं, पण दुसऱ्याच घराण्याचं. म्हणून मध्ये दोघांना जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट आली.

बाकीचे गिअरबॉक्सही पाहिले. एनव्ही३५०० हलका आहे, गिअरचे रेशो एकमेकांच्या जवळ आहेत, हाताला गोड लागतो. पण त्याचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं पुढचं घंटेसारखं कवच, घराला जोडूनच ओतलेलं, त्यामुळे परक्या इंजिनाला लावायचा म्हणजे डोकेदुखी. झेडएफच्या एस५-४२ ची तीच गत. एसएम४६५ चा पहिला ६.५५, वर्षानुवर्षं तक्रार न करणारा, पण चारच गिअर आणि ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा गिअर) नाही. मला लांब पल्ल्याला १०० च्या वेगात इंजिन शांत हवं होतं. पाचव्यात ते २००० आरपीएमवर असतं, चौथ्यात पावणेतीन हजारांच्या पुढे जातं. एवढ्या फरकाचं पेट्रोल वर्षभरात किती होतं, हे ज्याला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं त्याला सांगायची गरज नाही. एनव्ही४५०० चं बेल हाउसिंग वेगळं असतं, म्हणून तो घेतला.

पहिले काही आठवडे माझं मत स्पष्ट होतं: पहिला गिअर हवाच कशाला? रिकामी गाडी दुसऱ्यावर आरामात उठते. पहिला टाकला की चार पावलं जाईपर्यंत इंजिन ओरडायला लागतं.

ते मत बदललं मागे वजन आल्यावर. ओल्या मातीचा चढ, मागे भरलेला माल, लो रेंज, पहिला गिअर. ५.६१ गुणिले २.७२ गुणिले ४.१० म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेबासष्ट फेरे. आयडलवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी ताशी दोन किलोमीटरने वर चढते. क्लच घासावा लागत नाही, ब्रेकवर नाचावं लागत नाही. उतारावरही तसंच, इंजिनच गाडी धरून ठेवतं. २.६६ पहिला असलेला टी५६ गिअरबॉक्स घ्या असा सल्ला काही जण मला देत होते, त्यात हाच आकडा तीसच्याही खाली येतो. अशा चढावर अर्ध्या क्लचवर गाडी लटकवत राहायचं आणि क्लच प्लेट जाळायची. आता पहिला गिअर मला या गिअरबॉक्समधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता मूळ तक्रार. मध्यंतरी तिसरा गिअर टाकताना खर्रकन वाजायला लागलं. मग उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबूनही पहिला अडायला लागला, आणि क्लच दाबला की आतून बारीक कूं-कूं. अ‍ॅडॉप्टर ज्यांच्याकडून घेतला त्यांना विचारलं. उत्तर ठरलेलं: "जुना गिअरबॉक्स आहे, सिंक्रो गेले असतील, उघडून नवे टाका."

सिंक्रो म्हणजे सिंक्रोनायझर, गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या. मला हे पटलं नाही. इंजिन बंद असताना पाचही गिअर लोण्यासारखे पडत होते. सिंक्रोनायझर खराब असता तर क्लच दाबल्यावर आवाज का यावा? क्लच सोडून न्यूट्रलमध्ये आवाज आला असता तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फेरे घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घेतला असता. क्लच दाबल्यावरच येतो म्हणजे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग किंवा या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं पायलट बेअरिंग. आणि गिअर अडतो म्हणजे क्लच सुटल्यावरही इनपुट शाफ्टला कोणीतरी फिरवत ठेवतंय.

गिअरबॉक्स उतरवला. पायलट बेअरिंग एका बाजूने खाल्लेलं, शाफ्टच्या टोकावर एकाच अंगाला चकाकी. बेल हाउसिंग तसंच ठेवलं, फ्लायव्हीलवर (क्रँकसोबत फिरणारी जड चकती) डायल गेजचा (बारीक अंतर काट्याने दाखवणारं यंत्र) चुंबकी पाया बसवला, टोक गिअरबॉक्स बसतो त्या भोकाच्या कडेवर टेकवलं आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवला. काटा एका बाजूला गेला, थांबला, परत आला. पूर्ण फेऱ्यात ०.४२ मिलीमीटर. सर्वसाधारण मान्य मर्यादा ०.००५ इंच, म्हणजे ०.१३ मिलीमीटर. तिप्पट!

इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून सांगतो. काटा दाखवतो त्याच्या निम्मं केंद्र सरकलेलं असतं. माझं केंद्र ०.२१ मिलीमीटर बाजूला होतं. आकडा डोळ्याला दिसणारही नाही एवढा लहान. पण इनपुट शाफ्टचं एक टोक क्रँकमधल्या पायलटमध्ये आणि दुसरं गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये धरलेलं असतं. दोन्ही केंद्रं एका रेषेत नसली की शाफ्टला प्रत्येक फेऱ्याला वाकवलं जातं. क्लच सुटला तरी पायलट त्याला धरून फिरवतो आणि मार सिंक्रोनायझर खातो. याचा इलाज ऑफसेट डॉवेल. ब्लॉकमधल्या दोन सरळ खुंट्या काढायच्या आणि केंद्राबाहेर घडवलेल्या बसवायच्या, दोन्हीचं तोंड एकाच दिशेला. ०.००७ इंचाच्या लावल्या, काटा ०.०६ वर आला.

काट्याचा व्हिडिओ पाठवल्यावर पुरवठादाराने खुंट्या फुकट पाठवल्या. पायलट बेअरिंग, नवं तेल, गिअरबॉक्स खाली-वर करायची मेहनत, सगळं माझं. "इतर कोणाची तक्रार नाही" हे वाक्य मी त्या काळात पुरेपूर ऐकलं. इतरांनी मोजलंच नसेल तर तक्रार कुठून येणार? हजारो बोल्ट-ऑन अ‍ॅडॉप्टर विकले जातात आणि सोबतच्या कागदावर डायल गेजचा उल्लेखही नसतो, हे मला अजिबात मान्य नाही. ब्लॉक, प्लेट, बेल हाउसिंग, तिघांची थोडी थोडी चूक एका दिशेला साठली की असंच होणार. मोजून बसवलं असतं तर सिंक्रोनायझरवर इतका मार बसलाच नसता.

दुरुस्तीनंतर तिसरा निमूट पडतो. दुसऱ्या-तिसऱ्यातली दरी मात्र आहे ती आहे. २८०० आरपीएमला, म्हणजे ताशी ३३ च्या आसपास, दुसरा सोडला की इंजिन १५४० वर पडतं. भरलेल्या गाडीत चढावर तिथे इंजिन कुथतं. जुन्या जीएम ट्रकमधल्या ६.३४ पहिल्याच्या आवृत्तीत ही दरी अजून मोठी, म्हणून ती टाळा.

तेलात काटकसर नको. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, जीएल-४ दर्जाचंच. जीएल-५ सहज मिळतं म्हणून लोक ओततात, पण त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं डिफरन्शियलसाठी आहेत, सिंक्रोनायझरला ती मानवत नाहीत. पाचव्या गिअरचा नट सैल होऊन गिअर शाफ्टवर मागे सरकायचा दोष डॉज डिझेलमध्ये प्रसिद्ध आहे. इंजिनाचे हादरे तो सैल करतात. पेट्रोलवर धोका कमी असला तरी मी १७०० च्या खाली पाचव्यात जोर देत नाही, आणि गिअरबॉक्स खाली होता तेव्हा मागचं झाकण काढून नट पाहून घेतला. घट्ट होता.

ज्यांचं इंजिन चार हजारांच्या वर खुलतं आणि गाडी बहुतेक रिकामीच पळणार आहे, त्यांनी हा घेऊ नये. ४.०२ पहिला असलेला एनव्ही३५०० त्यांना जास्त मानवेल, अर्थात इंजिन त्याच घराण्याचं असेल तर. माल वाहायचा असेल तर एनव्ही४५०० घ्या, आणि अ‍ॅडॉप्टरच्या ऑर्डरसोबतच डायल गेज मागवा.