पॅनेलवरचं '६६' आणि माझे १४ हजार

जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पॅनेलवर लाल आकड्यांत ६६ दिसतंय, म्हणजे आत ६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आहे असं धरून कुणी पैसे पाठवायच्या बेतात असेल, तर त्याने आधी हे वाचावं. तो आकडा काहीही मोजत नाही. त्या छोट्या डिस्प्लेच्या मागे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या चिमुकल्या टोप्या, असतात. ते जसे बसवाल तसा आकडा समोर उमटतो. १९९०च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून देणारी मुलंच तो बसवून द्यायची. वेग बदलणारं टर्बोचं बटण दाबल्यावर ६६चं ३३ होतं, तेही जंपरनेच ठरवलेलं. आत प्रोसेसर कुठला आहे याच्याशी त्या दिव्यांना काही देणंघेणं नाही.

ज्याने मला फसवलं त्याला हे सगळं पाठ होतं, म्हणूनच सविस्तर लिहितोय. भंगारवाल्याशी व्यवहार करताना मला कधी भीती वाटली नाही. त्याला त्यातलं कळत नसतं आणि तो तोंडावर तसं सांगतो, "चालू-बंद माहीत नाही, घ्यायचं तर घ्या." सरळ हिशोब. खरा धोका जाणकार माणसाचा. आपल्यासारखे शौकीन कोणता पुरावा पाहून निर्धास्त होतात हे त्याला ठाऊक असतं आणि नेमका तेवढाच पुरावा तो तयार ठेवतो.

मला मशीन हवं होतं ते जिस्ट कार्डासाठी. तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. युनिकोड रुळायच्या आधी, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या डॉसच्या काळात, कॉम्प्युटरवर मराठी दिसणं सोपं नव्हतं. आयआयटी कानपूरमध्ये या कामाची सुरुवात झाली, १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेलं आणि त्यातून हे कार्ड आलं. मदरबोर्डच्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या जुन्या खाचेत, ते बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा देवनागरी टाइप करता यायची. आपल्या भाषेच्या कॉम्प्युटरवरच्या इतिहासातली ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती जपणारे हात किती थोडे आहेत! माझ्याकडचं कार्ड एका परिचितांच्या बंद झालेल्या ऑफिसातून आलं. ते जिवंत आहे की नाही हे बघायला आयएसए स्लॉट असलेलं धडधाकट मशीन लागतं. आजच्या कॉम्प्युटरमध्ये तो स्लॉटच नाही.

असं मशीन शोधणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पूर्वी मदरबोर्ड ढिगाने पडलेले असायचे. आता आले तरी आपल्याआधी दुसराच गिऱ्हाईक उभा असतो, सोनं काढणारा. त्या काळच्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. हे लोक प्रोसेसर किलोवर उचलतात, ते अ‍ॅसिडच्या टबात जातात आणि उरलेला बोर्ड भंगारात. म्हणजे जे वाचलंय ते थोडं, मागणारे वाढलेले आणि वस्तू पारखणारे मेकॅनिक बहुतेक धंदा सोडून गेलेले. ठगाला यापेक्षा काय हवं?

जाहिरात ऑनलाइन होती. '४८६ डीएक्स-२, ६६ मेगाहर्ट्‌झ, २५६ केबी कॅश, ८ एमबी रॅम, ओरिजिनल साउंड ब्लास्टर, फुल वर्किंग.' ४८६ ही त्या काळच्या प्रोसेसरची पिढी, डीएक्स-२ हा तिच्यातला वेगवान प्रकार, कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी आणि साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड. किंमत १४ हजार. परदेशातून मागवायचं तर पाठवणावळ आणि कस्टम ड्यूटी धरून याच्या कितीतरी वर जातं, म्हणून भाव स्वस्त वाटला, पण संशय यावा इतका स्वस्त नव्हता. विकणारा मुंबईचा. मराठी बोलणारा, दर वाक्याला 'सर' म्हणणारा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर आपण बदललेत, हार्ड डिस्कचे बॅड सेक्टर तपासलेत, सगळं नीट सांगत होता. हे बोलणंच त्याचं भांडवल होतं.

त्याने व्हिडिओ पाठवला. डॉसचा प्रॉम्प्ट, 'डीआयआर' दिल्यावर सरकत जाणारी यादी आणि खाली पॅनेलवर ठसठशीत ६६. मी व्हिडिओ कॉल मागितला, तोही त्याने लगेच केला. मशीन मात्र आधीच चालू होतं. बंद करून पुन्हा चालू करून दाखवा म्हटल्यावर उत्तर आलं, "सर, पंचवीस-तीस वर्षांची हार्ड डिस्क आहे. सारखं बंद-चालू केलं की तिच्यावर ताण येतो. तुमच्याच मशीनसाठी सांगतोय." या वाक्यात तथ्य आहे, जुन्या डिस्कला ते खरंच मानवत नाही. त्याने खऱ्या गोष्टीच्या आड खोटी गोष्ट लपवली होती. मशीन चालू होताना पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर प्रोसेसर, वेग वगैरे सांगणारी जी चौकट येते ती मला दिसू नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

अर्धे पैसे आधी, उरलेले कुरिअरची पावती आल्यावर, असं ठरलं आणि तसंच झालं.

मशीन घरी आल्यावर चालू केलं आणि ती चौकट समोर आली. प्रोसेसरच्या रकान्यात ८०४८६ एसएक्स. वेग ३३. न्यूमरिक प्रोसेसरच्या रकान्यात 'नन', म्हणजे नाही. एसएक्स हा ४८६चा १९९१मध्ये आलेला स्वस्त अवतार, गणिती आकडेमोडीचा भाग बंद केलेला. डीएक्स-२ आणि हा, दोघांच्या किमतीत आजही मोठा फरक आहे. खाली पॅनेलवर ६६ झळकतच होतं.

झाकण उघडलं. प्रोसेसरवर हीटसिंक, म्हणजे उष्णता घालवणारा धातूचा तुकडा, चिकटवलेला, त्यामुळे त्यावरची छापील अक्षरं झाकलेली. ३३च्या एसएक्सला बहुधा हीटसिंक लागतही नाही. मग लक्ष कॅशच्या चिपांकडे गेलं, आणि इथे सगळ्यांनी जरा थांबून वाचावं.

१९९०च्या दशकाच्या मध्यात काही स्वस्त ४८६ मदरबोर्डवर कॅश मेमरीच्या जागी चक्क पोकळ फसवणूक बसवलेली असायची. काळ्या प्लास्टिकचे ठोकळे, त्यांना पाय, वर मोठ्या अक्षरांत 'राइट बॅक' असं छापलेलं. आत सिलिकॉनचा कण नाही. बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, त्यातही फेरफार केलेला, म्हणजे चालू करताना पडद्यावर '२५६ केबी कॅश' असं बिनदिक्कत येतं. ही कुणा एकट्यादुकट्याची लबाडी नव्हती, बोर्ड कारखान्यातूनच तसे निघत. माझ्या बोर्डावर हेच ठोकळे होते. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की त्यांच्या पायांपासून तांब्याच्या रेषा निघतात आणि कुठेच जात नाहीत. खरी चिप असेल तर तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, भाग क्रमांक आणि वेग असतो. नुसतं 'राइट बॅक' छापलेलं असलं तर बोर्ड परत ठेवा.

डोळ्यांवर विश्वास नको असेल तर डॉसवर चालणारा कॅशचेक नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो मेमरीचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे वाचून वेग मोजतो. प्रोसेसरच्या पोटातली ८ केबी कॅश संपली की वेग एकदा पडतो. बाहेरची कॅश खरी असेल तर २५६ केबीपर्यंत तो मधल्या पायरीवर टिकतो आणि मग पुन्हा पडतो. माझ्याकडे ही मधली पायरीच नव्हती. ८ केबीनंतर थेट तळ.

आता बॅटरी. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची, निळ्या वेष्टनातली, बोटाच्या पेराएवढी. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते. आतला अल्कली द्रव बोर्डावर पसरतो, तांब्याच्या रेषा खातो, हिरवट-निळसर बुरशीसारखा थर धरतो. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळच असते, म्हणून पहिला बळी कीबोर्ड. माझ्या बोर्डावरची बॅटरी काढलेली होती. त्याला माझी हरकत नाही, ती काढलीच पाहिजे. पण तिच्या आजूबाजूचा हिरवा रंग बाकीच्या बोर्डापेक्षा किंचित गडद आणि जास्त चकचकीत होता. सुईने खरवडल्यावर पापुद्रा निघाला. खाली काळी पडलेली रेषा, एका ठिकाणी पार तुटलेली. खराब भाग स्वच्छ करून, व्हिनेगरने अल्कली मारून, तार जोडून दुरुस्त करता येतो. इथे दुरुस्ती नव्हती, रंगरंगोटी होती. अधूनमधून कीबोर्ड मुका होत होता तो यामुळेच.

साउंड ब्लास्टर मात्र अस्सल निघालं. हेही सांगायला हवं, कारण अशा व्यवहारात एक वस्तू खरी ठेवलेली असते. ओळखायला सर्वांत सोपी असते तीच.

मी फोन केला. "सर, कुरिअरमध्ये काहीतरी हललं असेल." कुरिअरमध्ये प्रोसेसर बदलतो का, असं विचारल्यावर सूर पालटला. "जुनी वस्तू आहे. सेकंड हँडला रिटर्न नसतो. व्हिडिओत चालू बघूनच घेतलंत ना?" त्यानंतर नंबर ब्लॉक. जाहिरात त्याच रात्री गायब.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते म्हणून तक्रारीला काहीतरी आधार राहिला. पोलिसांना पहिला प्रश्न पडला तो, "वस्तू तर मिळाली ना?" तेव्हा जाहिरातीतलं वर्णन आणि चालू करतानाच्या चौकटीचा फोटो शेजारी ठेवून समजवावं लागलं. वर्णन एक आणि माल दुसरा, हीही फसवणूकच. पूर्वी जिला आपण चारशे वीस म्हणायचो ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८मध्ये आहे. विकणारा नियमित धंदा करणारा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. पैसे घेऊन माणूस पसारच झाला असेल तर वेळ न घालवता १९३०वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार नोंदली गेली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी निवांत करू म्हणाल तर ती शक्यता झपाट्याने घटते.

आता मी कुणाकडूनही काही घेताना व्हिडिओ कॉलवर मशीन पूर्ण बंद असतानाच सुरुवात करायला सांगतो. बटण दाबणं, मेमरी मोजली जाणं, ती चौकट, सगळं एका दमात दिसलं पाहिजे. हार्ड डिस्कचं कारण पुढे आलं तर तिची केबल काढून दाखवा म्हणतो, चौकट डिस्कशिवायही येते. मग त्या क्षणी मनात येईल ते वाक्य टाइप करायला लावतो, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग चालवता येत नाही. डॉस ६ असेल तर त्याच्याबरोबर आलेला एमएसडी प्रोग्रॅम उघडायला सांगतो. त्यात प्रोसेसर दिसतो. शेवटी झाकण उघडून बॅटरीचा कोपरा आणि कॅशच्या चिपा, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. प्रामाणिक माणूस या सगळ्याला कंटाळतो, पण करतो. एका गृहस्थांनी तर स्वतःहून सांगितलं, "अहो, तिथे थोडं पाझरलंय, मी तार टाकलीये, बघून घ्या." त्यांच्याकडून मी त्यांनी मागितलेल्या किमतीला, घासाघीस न करता, ४८६च्या आधीच्या पिढीचं ३८६ मशीन घेतलं. जिस्ट कार्ड त्यात बसवलंय.

आपल्या छंदात आणखी एक टोळी शिरली आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. 'मी लष्करात आहे, बदली झाली, घरातलं सामान काढायचंय.' गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो आणि दुर्मीळ मशीन मातीमोल भावात. मग गेटपासचे पैसे, वाहतुकीचे पैसे, 'रिफंडेबल' म्हणून आणखी पैसे. मशीन अस्तित्वातच नसतं, फोटो परदेशातल्या कुणा संग्राहकाचे असतात. फोटोत भिंतीवरच्या प्लगची छिद्रं बघा, बऱ्याचदा तिथेच कळतं. आणि तुम्ही विकणारे असाल तर, पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील असं कुणी म्हणालं तर पैसे जाणार आहेत.

माझे १४ हजार परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. मशीन पुरावा म्हणून माझ्याकडेच आहे. असं असूनही त्याच मशीनच्या फोटोंची जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा लागली, नाव वेगळं, शहर ठाणे, किंमत १६ हजार. पॅनेलवर टर्बोच्या बटणाखाली वितळलेल्या प्लास्टिकचा तपकिरी, लांबट डाग आहे आणि फ्लॉपी ड्राइव्हचं झाकण उजवीकडे थोडं तिरकं बसलंय. हे दोन्ही दिसलं तर पैसे पाठवू नका आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा.