यंत्रातली पिल्लं कोंबडीच्या पोटाखाली: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये 48 अंडी मावणारं, अंडी उबवायचं यंत्र (इन्क्युबेटर) घेतलं. लांजा तालुक्यात आमचं घर आहे, मागील दारी खुराडं आहे, आणि वीस-बावीस गावठी कोंबड्या सासूबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं वाढत आल्या आहेत. रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, कोंबडी बसवण्यात त्यांचा हात वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मग यंत्र कशाला? गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्यातून ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की एकवीस दिवस अंड्यांवर आणि पुढचे दोन-अडीच महिने पिल्लांमागे जातात, तोवर अंडं बंद. गटारीला आणि गणपती उठल्यावर गावठीला जी मागणी असते ती आम्हाला कधीच पुरी करता येत नव्हती. अंडी यंत्रात घातली तर कोंबडी लवकर परत अंड्यावर येईल, एवढा साधा हिशोब होता. तो अर्धाच बरोबर निघाला.

पहिली खेप वाईट गेली. घरची आणि शेजारची मिळून 40 अंडी भरली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहिलं. ज्यात पिल्लू धरलंय त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो. 11 अंडी मात्र स्वच्छ पिवळी, रिकामी. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यातली बरीचशी एका घरी फ्रीजमध्ये ठेवलेली होती. फ्रीजमधलं अंडं उबवायला चालत नाही. गार, सावलीच्या जागी, बोथट टोक वर करून ठेवावं, आणि शक्यतो सात दिवसांच्या आतलंच घ्यावं. उरलेल्या 29 मधून 13 पिल्लं आली, तीही विसाव्या दिवशीच. काहींची बेंबी ओली, नीट न मिटलेली. दोघांचे पाय फाकलेले.

यंत्रावर आकडा 37.7 दिसत होता, म्हणून चूक कुठे झाली ते उमगेना. शेवटी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवून पाहिला, तर 38.4. पाऊण अंशाचा फरक. ऐकायला तो काहीच वाटत नाही, पण आत पंखा असलेल्या यंत्रात 37.5 ते 37.8 ही जागा फार अरुंद आहे. उष्णता जास्त झाली की पिल्लू घाईने वाढतं आणि पोटातला बलक पुरता आत ओढला जायच्या आधीच बाहेर येतं. विक्रेत्याला फोन केला. त्याने सेटिंगमध्ये फरक कसा भरायचा ते सांगितलं, तेवढं काम झालं. नवं यंत्र घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. रिकामं यंत्र दोन दिवस चालवा, थर्मामीटर चारही कोपऱ्यांत फिरवून पाहा, मगच अंडी भरा.

जानेवारीच्या खेपेत 36 अंडी घातली, 5 रिकामी निघाली, आणि 31 मधून 25 पिल्लं बाहेर पडली. एकविसाव्या दिवशी पहाटे अंड्यातून चिवचिव ऐकू आली तेव्हा सासूबाई झोपेतून उठून आल्या आणि यंत्राच्या काचेशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तिथे पहिला श्वास घेतं, ओरडतं. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक दाण्याने कवच फोडतं. पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. या काळात झाकण उघडायचं नाही आणि कवच सोलून ‘मदत’ तर मुळीच करायची नाही. पहिल्या खेपेत मी एकाला सोललं होतं. शिरांमध्ये अजून रक्त होतं, ते पिल्लू गेलं. अजून ते डोळ्यांसमोर येतं.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्यासारख्या कोकणातल्या लोकांना यंत्रासोबतची माहितीपुस्तिका इथे चुकवते. पुस्तिकेत लिहिलंय की पहिल्या दिवसापासून दोन्ही पन्हळींत पाणी भरा. जानेवारीत एक पन्हळ भरून आर्द्रता 45 ते 50 टक्के राहायची, छान चाललं. जूनअखेरच्या खेपेत मी पुस्तिकेप्रमाणे दोन्ही भरल्या. आकडा 70 च्या वर. 30 पैकी 4 रिकामी, आणि उरलेल्या 26 मधून फक्त 9 पिल्लं. न फुटलेली अंडी उघडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेली, पिसांसकट तयार पिल्लं, पाण्यात बुडाल्यासारखी ओली, आणि हवेची पोकळी बोटाच्या पेराएवढीही नाही.

अंड्याने उबवणीत पाणी गमवायचं असतं. पहिल्या अठरा दिवसांत वजन साधारण बारा टक्के कमी व्हावं लागतं. आमचं गावठी अंडं 44 ग्रॅमच्या आसपास असतं, ते अठराव्या दिवशी 39 च्या जवळ यायला हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच-सहा अंडी खूण करून तोलली तरी अंदाज येतो. पावसाळ्यात आमच्या घरातली हवाच इतकी ओली असते की यंत्रात पाण्याचा थेंब न घालता आर्द्रता 50 च्या पुढे असते. म्हणून जुलैच्या खेपेला अठराव्या दिवसापर्यंत पन्हळी कोरड्या ठेवल्या, अठराव्याला पाणी भरून 70 वर नेलं. 28 अंडी, 3 रिकामी, 21 पिल्लं. माझी बहीण कोरड्या माणदेशात, दहिवडीला असते, तिच्याकडे हेच यंत्र आहे. एप्रिलमध्ये तिच्याकडे पाण्याशिवाय आकडा 20 च्या आत. तिने पहिल्या दिवसापासून दोन्ही पन्हळी भरून वर ओला स्पंज ठेवला, तेव्हा कुठे जमलं. एकच पुस्तिका लांज्याला आणि माणदेशाला कशी चालेल?

विजेचं थोडक्यात सांगते. वेगळं मीटर लावून पाहिलं, एका खेपेला 19 युनिट लागली. मार्चमध्ये बाराव्या दिवशी सहा तास वीज नव्हती. यंत्रावर गोधडी टाकली, आतलं तापमान 31 पर्यंत उतरलं, तरी पिल्लं आली, फक्त अर्धा दिवस उशिरा. थंडी अंडं बऱ्यापैकी सोसतं, चाळिशीच्या वरची उष्णता सोसत नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र गोधडीने हवेची भोकं बुजवू नका, आतली पिल्लं तेव्हा भरपूर हवा घेतात. आता गाडीची जुनी बॅटरी जोडून ठेवली आहे. घ्यायचं तर 12 व्होल्टची जोडणी असलेलंच यंत्र घ्या. अंडी आपोआप फिरवणाऱ्या मोटरचा प्लॅस्टिकचा दांडा एकदा निसटला, नवा यायला तीन आठवडे लागले. तोवर मी दिवसातून पाच वेळा हाताने अंडी फिरवली. पाच अशासाठी की वेळा विषम असल्या म्हणजे रात्रीची लांब विश्रांती रोज त्याच कुशीवर होत नाही.

आता कोंबडी. सासूबाई पाटीत तूस आणि राख घालतात, वर गवत, त्यात कडुनिंबाचा पाला, कडेला कोळसा आणि लोखंडी खिळा. कोंबडीला रात्रीच बसवतात, अकरा अंड्यांच्या वर देत नाहीत, आणि अंडी कधीही धूत नाहीत. “अगो, अंड्याच्या अंगावरची साय जाते,” असं त्या म्हणतात. ही साय खरंच असते. कवचाच्या बारीक छिद्रांवरचा तो पातळ थर जंतूंना आत येऊ देत नाही. डिसेंबरात त्यांच्या कोंबडीने 11 अंड्यांतून 10 पिल्लं काढली. तिच्याकडे ना थर्मामीटर, ना पन्हळ. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं खाऊन-पिऊन येते, बाकी वेळ चोचीने अंडी फिरवत, मधली कडेला आणि कडेची मध्ये घेत बसून असते. माझ्या यंत्राने एकदाही 11 पैकी 10 असा हिशोब दिलेला नाही.

पण कोंबडीवरही सगळं सोडता येत नाही. मे महिन्यात एक कोंबडी पंधराव्या दिवशी उठून गेली ती परत बसेना. पाटी उचलली तर गवतात उवा-पिसवांचा नुसता बुजबुजाट. अंडी गार लागत होती. यंत्र त्या वेळी रिकामं होतं, तापवून दहाच्या दहा अंडी त्यात घातली, सहा पिल्लं वाचली. त्या दिवसानंतर सासूबाईंनी यंत्राला नाव ठेवलं नाही. आणि मी दर आठवड्याला रवणाच्या कोंबडीची पिसं उलटून बघायला त्यांच्याकडून शिकले.

खरा फरक अंड्यातून बाहेर आल्यावर दिसतो. जानेवारीची 25 पिल्लं मी खोक्यात बल्बखाली वाढवली. पहिल्या आठवड्याला 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडली की थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापली की गरमी, हे लवकर कळायला लागतं. तीन दगावली. 22 पिल्लं सहा आठवड्यांची करून मार्चमध्ये मोकळी सोडली आणि महिन्याभरात त्यातली 9 गेली. बहुतेक घारीने नेली, दोन मुंगसाने. घारीची सावली खळ्यात पडली तरी ती मान वर करून बघत उभी राहायची. त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. कोंबडीची पिल्लं दहाव्या दिवशी तिच्या एका हाकेसरशी जास्वंदीच्या बुडात नाहीशी होतात. वाळवी कुठे उकरायची, पाऊस आला की कुठल्या पडवीत शिरायचं, हे सगळं ती दाखवते.

म्हणून त्यानंतर दोन्ही एकत्र करून पाहिलं, आणि हाच माझ्या नऊ महिन्यांतला सगळ्यात उपयोगी धडा. कोंबडी ज्या दिवशी बसवली त्याच दिवशी यंत्रात 30 अंडी भरली. एकविसाव्या दिवशी कोंबडीची 9 आणि यंत्राची 20 पिल्लं एकदमच आली. उत्साहाच्या भरात मी भर दुपारी दोन पिल्लं तिच्यापुढे ठेवली, तिने टोचून हाकलली. सासूबाईंनी रात्रीपर्यंत थांबवलं. अंधारात, दिवा न लावता, एकेक पिल्लू हातात ऊब देऊन मागच्या बाजूने तिच्या पोटाखाली सरकवलं. ती फक्त गुरगुरली आणि पंख थोडे पसरले. सकाळी अठरा पिल्लं तिच्यामागे होती. पिल्लं एक दिवसाची असतानाच हे जमतं. तीन-चार दिवसांची झाली की ती तिला आई मानत नाहीत, तीही त्यांना मानत नाही. उरलेली 11 खोक्यात ठेवली. दोन महिन्यांनी कोंबडीकडच्या 18 पैकी 15 होती, खोक्यातल्या 11 पैकी 6. एकाच आठवड्यात गोळा केलेली अंडी, एकाच दिवशी बाहेर आलेली पिल्लं.

एक फायदा आधी डोक्यातच आला नव्हता. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात एकेक थेंब घालायची असते. बाटली शंभर पिल्लांची, फोडली की बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोणी ती आणत नसे, म्हणून वाडीत मरी लागली की खुराडी रिकामी व्हायची. आता माझ्या यंत्राच्या तारखेला धरून आणखी चार घरं आपापल्या कोंबड्या बसवतात. सगळ्यांची पिल्लं एकाच आठवड्यात येतात आणि एक बाटली पाच घरांत फिरते.

पाच-सहाच कोंबड्या असतील आणि त्यातली एखादी नेमाने खुडूक होत असेल, तर यंत्रावर पैसे घालू नका, तिला सांभाळा. खुडूक मोडायला नाकात पीस घालतात किंवा पाण्यात बुडवतात, तेही करू नका, अशी कोंबडी शोधून मिळत नाही. गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती पाळणाऱ्यांना यंत्राशिवाय सहसा चालत नाही, कारण त्या कोंबड्या क्वचितच बसतात. आमच्यासारखं पंधरा-वीस कोंबड्यांचं खुराडं असेल तर यंत्र जरूर घ्या, पण ते भरायच्या आधी खुडूक कोंबडी शोधून ठेवा.

आत्ता पडवीत तांबडी बसली आहे, यंत्रात तिच्याच तारखेची 32 अंडी आहेत. आज सोळावा दिवस. परवा अंडी फिरवणं बंद करून पाणी भरायचं आहे, आणि सासूबाईंनी तांबडीच्या पाटीशेजारी दुसरं मोठं डालगं आत्तापासूनच झटकून ठेवलंय.