सीडीआयचे २,३५० रुपये घेतले आणि जुनाच सीडीआय परत बसवला

मोटारसायकलच्या दुरुस्तीपायी एकूण १४,३७० रुपये गेले. हा आकडा घरात अजून कुणाला सांगितलेला नाही, बायकोला आठ हजारच माहीत आहेत. लाज वाटत होती म्हणून महिनाभर गप्प बसलो. पण परवा आमच्याच कंपनीतल्या एका पोराची गाडी त्याच गॅरेजसमोर सीट काढून उभी केलेली दिसली आणि डोकं फिरलं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, ज्याला हसायचं त्याने हसावं.

मी कोरेगावचा. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरला आहे, रोजचं जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतं. गाडी २०१५ची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली. इतक्या वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडी चालता चालता बंद पडायला लागली. दहा-बारा किलोमीटर सुरळीत जायची, मग झटके मारायची, पिकअप जायचा, कितीही रेस दिली तरी ओढायची नाही, आणि शेवटी बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की बटण दाबताच चालू. पुन्हा दहा किलोमीटरवर तेच. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री पावणेबाराला संगम माहुलीच्या पुलाच्या अलीकडे भर पावसात गाडी ढकललेली आहे मी. त्या वेळी एसटी नसते. गाडी मला हौसेसाठी नाही, पोटासाठी लागते, आणि हे त्या मेकॅनिकला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

गॅरेज साताऱ्यात, माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. भाच्याने सुचवलेलं, बाहेर कायम आठ-दहा गाड्या उभ्या. पहिल्या वेळी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, ४५० रुपये. चार दिवसांनी गाडी परत बंद. मग म्हणाला, "काका, एचटी कॉइल तापली की करंट तोडतीया. थंड झाली की परत चालू. तुमची गाडी तेच करतीया न्हवं?" करत होतीच. आणि कॉइल, म्हणजे प्लगला करंट पुरवणारी गुंडाळी, तापून असं होतं हेही खोटं नाही, म्हणून तर पटलं. १,०५० रुपये. आठवड्याने पुन्हा तेच. आता सीडीआय, म्हणजे स्पार्क कधी पाडायचा ते ठरवणारी डबी, गेला म्हणे. सीडीआय २,३५०, मजुरी २५०, झाले २,६०० रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर जीएसटी वरनं द्यावा लागंल, कशाला उगाच?" मी दिवसभर दुसऱ्यांची चलनं तपासतो, एक नट कमी आला तरी माल परत पाठवतो, आणि इथे मान हलवली.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही ती सांगतो.

सीडीआय "बदलल्यावर" तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. ढकलत पेट्रोल पंपावर नेली, म्हटलं आलोच आहे तर शंभरचं टाकू. टाकीच्या झाकणाला किल्ली लावून फिरवली तर आत जोरात हवा ओढल्याचा आवाज झाला, सुईंईं असा. पंपावरचा पोरगा, असेल वीस वर्षांचा, तो म्हणाला, "काका, टाकी हवा ओढतीया बघा. झाकणाचं भोक बुजलंय का?" मी हो-हो केलं. पेट्रोल टाकलं, बटण दाबलं, गाडी लगेच चालू. पाच मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही! तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी पावसात भिजलेलो, कामावर खाडा पडेल ही धास्ती, आणि वीस वर्षांच्या पोरापेक्षा गॅरेजवाल्याला जास्त कळतं हा समज. दुसरं काय सांगू.

बरं, मी तो आवाज मेकॅनिकला सांगितलाही होता. तो खाली वाकलेला होता, तसाच थांबला. उठला, टाकीचं झाकण उघडलं, उलटं करून बघितलं, अंगठ्याने पुसलं आणि परत लावलं. म्हणाला, "तसं सगळ्याच गाड्यांचं हुतंय. आता पेट्रोलमधी इथेनॉल असतंय न्हवं." त्या एका क्षणी त्याला कळलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत कळलं होतं. आणि त्यानंतर त्याने माझ्याकडून ९,५७० रुपये काढले. आता आठवतं, दर वेळी ट्रायल मारायच्या आधी "पेट्रोल बघतो" म्हणून तो झाकण उघडायचा. उघडल्यावर गाडी दहा किलोमीटर नीट चालणारच की! त्याची ट्रायल पोवई नाक्यापर्यंत, माझा रस्ता कोरेगावपर्यंत.

ते ९,५७० असे. "ओरिजिनल" कार्बोरेटर ३,८००, पेट्रोल कॉक (टाकीखालचा नळ) ४२०, मजुरी ३५०, एकूण ४,५७०, फोनवरून दिले. त्यानेही फरक पडेना तेव्हा "आता इंजिनच खोलावं लागंल, ब्लॉक-पिस्टन, वॉल्व्ह", साडेनऊ हजारांचं काम, ५,००० ॲडव्हान्स. तेही फोनवरून. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर कुणा बाईचं नाव होतं, दुकानाचं नाही. तेव्हा मी बघितलं होतं, बोललो नाही. तुम्ही बोला. नाव वेगळं दिसलं की पैसे पाठवूच नका.

ॲडव्हान्स दिला त्याच रात्री त्रिपुटीजवळ गाडी पुन्हा बंद. मेव्हण्याच्या ओळखीचा टेम्पो बोलावला, ७०० रुपये. सकाळी कोरेगावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी एक शब्द विचारला, "झटकं मारून बंद पडती का एकदम?" झटके मारून, म्हणालो. "मग करंट न्हाई, पेट्रोल." कार्बोरेटरला लागणारी पेट्रोलची नळी काढली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडली. झाकण बंद, कॉक चालू. धार पडायला लागली. हळूहळू ती बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं. त्यांनी झाकणाची किल्ली फिरवली, तसा तोच आवाज आला आणि बाटलीत भसकन धार. मी बघतच राहिलो. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते, ती यायचं झाकणातलं भोक गंज आणि चिखलाने बुजलेलं. पावसात आणि वॉशिंगला असं होतं म्हणाले. क्लच केबलच्या एका तारेने भोक मोकळं केलं, फुंकून बघितलं. पैसे घेतले नाहीत.

मग माझ्याच आग्रहाने त्यांनी बाजूचं पॅनेल उघडलं. सीडीआयचं रबर दोन वर्षांपूर्वी तुटलं होतं, तेव्हा मी स्वतः सायकलच्या निळ्या ट्यूबची पट्टी कापून दोन गाठी मारून तो बांधला होता. ती पट्टी, त्या दोन गाठी, जशाच्या तशा. गाठीवर धूळसुद्धा जुनी. कार्बोरेटरच्या वाटीच्या एका स्क्रूचं डोकं माझ्याच हातून घसरलं होतं, तो स्क्रूही तिथेच. नुसता पेट्रोलने धुऊन चकचकीत केलेला माझाच कार्बोरेटर मला ३,८०० ला विकला. जुना पार्ट हातात मागा, तिथल्या तिथे, भंगारात टाकला म्हणाला तरी भंगारातून काढायला लावा. गाडी देण्याआधी प्रत्येक पार्टवर रंगाचा एक ठिपका द्या. हे मला स्टोअरमध्ये रोज करायला लागतं आणि स्वतःच्या गाडीला सुचलं नाही.

पैसे मागायला गेलो तर चार पोरं भोवती उभी केली. चौकीत गेलो. तिथले हवालदार म्हणाले, "गाडी चालू झाली ना? मग फसवणूक कसली?" मी गाठीचा फोटो दाखवला, तर तो न बघताच म्हणे हे दिवाणी आहे, कोर्टात जा. दुसऱ्या दिवशी मोठ्या ठाण्यात गेलो, तिथे दीड तास बाकावर बसवून विचारलं, गाडी बंद कुठे पडली? त्रिपुटीला म्हटल्यावर, मग ती हद्द आमची नाही. अहो, पैसे साताऱ्यात घेतले, गाडी बंद पडलेल्या जागेचा काय संबंध? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. तीन वेळा मागितली. साहेब बंदोबस्ताला गेलेत, साहेब मीटिंगला आहेत, परवा या. त्या खेपांसाठी दोन खाडे झाले, ते १४,३७० मध्ये धरलेलेच नाहीत. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, आम्ही काही करू शकत नाही. गाडीच्या कंपनीला फोन केला तर ते गॅरेज आमचं अधिकृत नाही, आणि फोन ठेवला. म्हणजे माझे पैसे कुणी खाल्ले हे मला माहीत, कसे खाल्ले तेही माहीत, पुरावा गाडीत बांधलेला आहे, आणि तो बघायला एक माणूस खुर्चीवरून उठत नाही.

नंतर एका वकील नातेवाइकाकडून कळलं ते सांगतो. पार्ट न बदलता बदलला म्हणून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली, पावती जपून ठेवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. फोन करायचा तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि गाडी अशी बंद पडली तर गॅरेजला जाण्याआधी तिथेच, इंजिन थंड व्हायची वाट न बघता, टाकीचं झाकण उघडा. लगेच चालू झाली तर आधी भोक बघा. झाकण उघडं ठेवून मात्र चालवू नका. झटका न देता बटण बंद केल्यासारखी एकदम विझली तर करंटचं काहीतरी, तेव्हा प्लग काढून स्पार्क बघायला सांगा, समोर उभं राहून.

तो सीडीआय मी अजून हलवलेला नाही. निळ्या पट्टीसकट तसाच बांधलेला आहे. आयोगात तारीख लागली की गाडी त्याच्यासकट दारात नेऊन उभी करणार आहे.