इस्ट्राडायॉलचं एलायझा किट: मिठीला चालेल, तबेल्याच्या नाल्याला नाही

नदी-तलावाच्या पाण्यातलं १७-बीटा-इस्ट्राडायॉल हे स्त्री-हार्मोन मोजायचं ९६ खाचांचं एलायझा किट (अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजणारी चाचणी) कॉलेजच्या प्रयोगशाळेतही वापरता येतं. ४५० नॅनोमीटरवर वाचणारा प्लेट रीडर मात्र हवा. सात प्रमाण द्रावणं (हार्मोनचं प्रमाण ठाऊक असलेली) आणि एक कंट्रोल, सगळं जोडीने, म्हणजे दोन-दोन खाचांत, लावलं की ४० नमुन्यांपुरती जागा उरते. रंग जितका फिका, तितकं हार्मोन जास्त; नवशिके हे हमखास उलटं वाचतात.

पाणी थेट खाचेत घालून फारसं काही हाती लागत नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निरीक्षण यादीनुसार हे हार्मोन लिटरमागे ०.४ नॅनोग्रॅमपर्यंत मोजता यायला हवं होतं. तिथवर पोहोचायचं तर नमुना आधी घट्ट करावा लागतो. तपकिरी काचेच्या बाटलीत एक लिटर पाणी घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरमधून गाळा. प्लास्टिकची बाटली नकोच, हार्मोन तिच्या भिंतीला चिकटतं. सी-१८ कार्ट्रिज (पाण्यातलं हार्मोन धरून ठेवणारी छोटी नळी) आधी मिथेनॉलने, मग शुद्ध पाण्याने भिजवून नमुना सावकाश सोडा; तोवर ते कोरडं पडलं तर हार्मोन नीट धरलं जात नाही. मग मिथेनॉलने उतरवा, नायट्रोजनच्या झोताखाली सुकवा आणि किटच्या बफरमध्ये एक मिलिलिटर करा. झालं हजारपट. मिथेनॉल मागे राहिलं तर अँटिबॉडी नीट चिकटत नाही.

उशीर इथे महागात पडतो. लघवीतलं बरंचसं हार्मोन ग्लुक्युरोनाइड या साखरेसारख्या रेणूला जोडलेलं असतं, मैल्यातले ई. कोलाय जिवाणू ते सोडवतात आणि आकडा बाटलीतच चढतो. टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घालायचा मोह टाळा, त्याने किटमधलं रंग आणणारं पेरॉक्सिडेज विकर निकामी होतं.

मिठीचा नमुना ओहोटीला घ्यावा, नाहीतर माहीमकडे खाडीचंच पाणी मोजाल. पवईत वेगळी अडचण. जलपर्णी कुजून सुटलेली ह्युमिक द्रव्यं हार्मोन नसतानाही रंग फिका करतात. अर्क दुप्पट, चौपट पातळ करून पाहा. आकडा त्याच प्रमाणात उतरला नाही, तर तो हार्मोनचा नव्हे.

आरेतल्या तबेल्यांच्या नाल्यांसाठी हे किट घेऊच नये. गुरांच्या शेणात मुख्यतः १७-अल्फा रूप असतं, ते याला जेमतेम दिसतं. तिथे इस्ट्रोन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचं किट बरं, कारण दोन्ही रूपं मोडून इस्ट्रोनच होतं.

गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनाइलइस्ट्राडायॉलही यातून निसटतं, आणि धोका त्याचाच मोठा. कॅनडातल्या 'लेक २६०' या प्रयोगासाठीच्या तलावात २००१ पासून तीन उन्हाळे ते लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम राखलं, तर फॅटहेड मिनो माशांची संख्या कोसळली. तेव्हा कमी आकडा आला म्हणून तलावाला निर्धोक ठरवू नका. अर्धा अर्क राखून एलसी-एमएस/एमएसला, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला, पाठवा.

पॅथॉलॉजी लॅबसाठीचं रक्ताचं किट स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नये. त्याची प्रमाण द्रावणं सीरमसाठी बेतलेली असतात, नदीच्या अर्काशी त्यांचा मेळ बसत नाही.