त्या काळवंडणाऱ्या स्क्रीनला साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दुकानातून आणलेल्या वस्तूचा नाहीये. विंडोजवर काही इन्स्टॉल करायला गेलं की स्क्रीन एकदम काळवंडते आणि मधोमध खिडकी येते ना, या ॲपला तुमच्या कम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, येस की नो, तिचा आहे. खरं नाव यूजर अकाउंट कंट्रोल, कम्प्युटरवाले यूएसी म्हणतात, आमच्या घरी "ते येस-नो". बाबा कराडला, मी पुण्यात, आणि बाबांच्या डेस्कटॉपची ॲडमिन मी, बिनपगारी, ड्यूटी साधारण रात्री साडेनऊला ताटावर बसले की सुरू होते.

झालं असं की मागे एकदा पीसी दुरुस्तीला दिला होता, परत आला तो येस-नो गायब होऊन. बाबा खूश, म्हणाले अगं त्या पोराने कटकटच काढून टाकली. त्याने काय केलं होतं तर सेटिंगमधला स्लायडर पार तळाला, म्हणजे "कधीच विचारू नका". दोन-तीन महिन्यांत ब्राउझरचं होमपेज भलतंच, कम्प्युटर साफ करणारी दोन सॉफ्टवेअरं एकमेकांच्या तक्रारी करतायत, आणि एक रोज सकाळी व्हायरस सापडल्याचं सांगून पैसे मागतंय. मूळ कारण एक फुकटचं पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर, सोसायटीच्या कामासाठी घेतलेलं, नेक्स्ट नेक्स्ट करत.

आता सगळा दोष त्या पोरावर टाकून मोकळं होता आलं असतं, पण खरं सांगू का, येस-नो चालू असतं तरी बाबांनी येसच दाबलं असतं, कारण ते सॉफ्टवेअर त्यांना हवंच होतं. आणि एकदा इन्स्टॉलरला येस म्हटलं की त्याच्या पोटातून आणखी चार जण आत शिरले तरी प्रत्येकासाठी वेगळं विचारत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये एका पत्रिकेवर आख्खी टेम्पोभर मंडळी जेवून जातात तसं. म्हणून नुसता स्लायडर वर करून भागत नाही, खातंच बदलावं लागतं, त्यावर येतेच.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या खिडकीवर लोक एवढे का वैतागलेले असतात ते कळत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळे ॲडमिनच, म्हणजे कम्प्युटरमध्ये काहीही बदलायचा अधिकार असलेले, कुणी कुणाला विचारायचंच नाही. मग २००७ मध्ये पुढचं विंडोज, व्हिस्टा, घरोघरी आलं आणि ही खिडकी त्याच्याबरोबर आली, आणि आली ती अशी की प्रोग्राम फाइल्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरं बसतात तिथे, साधा फोल्डर करायचा तरी पुन्हा पुन्हा विचारायची, ते पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये, कमी केलं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचेच डेव्हिड क्रॉस जाहीरपणे म्हणाले होते की हे लोकांना वैताग यावा म्हणूनच घातलंय! म्हणजे हेतू असा की गिऱ्हाईक वैतागलं की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना शिव्या घालेल आणि ते कारण नसताना ॲडमिनचे अधिकार मागणं सोडतील. काही अंशी झालंही तसं. मग २००९ ला विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांचा स्लायडर आला, तोच आजही आहे.

चार पायऱ्यांपैकी वरून तिसरी तर मला कळतच नाही, दुसरीसारखीच, फक्त स्क्रीन काळवंडत नाही. अहो ते काळवंडणं म्हणजे शोभा नाहीये, तेवढा वेळ ती खिडकी वेगळ्या डेस्कटॉपवर असते, बाकीच्या प्रोग्रामना तिथे हात घालून स्वतःच येस दाबता येत नाही. तेच काढलं तर उरलं काय. दुसरी पायरी डिफॉल्ट, म्हणजे आपण काही बदललं नाही तर असते ती, त्यात विंडोजचे स्वतःचे बरेच प्रोग्राम न विचारता ॲडमिनचे अधिकार घेतात, आणि हुशार व्हायरसवाले नेमके त्यांच्याच खांद्यावर बसून आत येतात, म्हणून मी सगळ्यात वरची ठेवते.

पण मुख्य फरक पडला तो खात्यामुळे. तुम्ही ॲडमिन असलात तर खिडकी नुसतं येस-नो विचारते, आणि दिवसात चारदा येस दाबणारा माणूस पाचव्यांदा वाचत नाही, मीही नाही वाचत. स्टँडर्ड, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेलं साधं खातं असेल तर तीच खिडकी ॲडमिनचा पासवर्ड मागते. म्हणून मी बाबांच्या पीसीवर "किल्ली" नावाचं नवीन ॲडमिन खातं केलं, त्याला पासवर्ड, त्यातून एकदा लॉगिन करून खात्री, आणि मगच बाबांचं खातं स्टँडर्ड. हा क्रम उलटा करू नका हं! मशीनवर चालू ॲडमिन खातंच उरलं नाही तर खिडकी येते पण येसचं बटण दाबताच येत नाही, मग बसा.

बाबांना दोन दिवस राग होता. माझ्याच घरात मी पाहुणा का म्हणाले. मग विसरले, कारण रोजच्या कामात, म्हणजे मेल, बँक, यूट्यूबवर कीर्तन, पत्त्यांचा गेम, यात ती खिडकी येतच नाही.

अपवाद एक, आणि त्याने माझे दोन रविवार खाल्ले. बाबा सोसायटीची पत्रकं एका जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये करतात, बोटांना तोच कीबोर्ड बसलाय, युनिकोडचं, म्हणजे हल्लीच्या मराठी टायपिंगचं, नाव काढायचं नाही. ते दरवेळी उघडताना पासवर्ड मागायला लागलं. कुणीतरी पूर्वी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ची, म्हणजे नेहमी ॲडमिनच्या अधिकारानेच उघडायची, टिक करून ठेवलेली. मी टिक काढली, खिडकी बंद, मी खूश, आणि दहा मिनिटांत बाबांचा फोन की अगं माझे सगळे जमवलेले शब्द गेले. गेले नव्हते. हे जुनं सॉफ्टवेअर आपली शब्दांची फाइल प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितं, तिथे साध्या खात्याला लिहायची परवानगी नाही, तर अशा जुन्या प्रोग्रामची समजूत काढायला विंडोज गुपचूप त्याचं लिखाण व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं, प्रत्येक खात्याचं वेगळं. ॲडमिन म्हणून उघडलं की खरी फाइल, साधं उघडलं की सावलीतली, अशा दोन वह्या. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधली नवी वही काढून टाकली आणि त्या सॉफ्टवेअरच्या एकट्या फोल्डरवर सिक्युरिटीमध्ये जाऊन बाबांच्या खात्याला मॉडिफायची, म्हणजे फाइल बदलायची, परवानगी दिली. तेव्हापासून शांतता. एका सॉफ्टवेअरसाठी सगळी खिडकीच बंद करणारे बघितलेत मी, तसं करू नका, एवढंच जास्तीत जास्त.

आता अर्धा स्टार कुठे कापला ते. लांबून मदत करणाऱ्या माणसाचा या लोकांनी विचारच केलेला नाही. मी पुण्याहून स्क्रीन बघत असते, खिडकी आली की माझ्याकडे ठार काळं, कारण तोच वेगळा डेस्कटॉप. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे, उद्या माझ्या जागी कुणी भामटा असला तर त्यालाही काळंच दिसेल, पण मग बाबा फोनवर वाचून दाखवणार, "निळी पट्टी आहे, खाली काहीतरी व्हेरिफाइड लिहिलंय". निळी म्हणजे सहीवाला प्रकाशक, पिवळी म्हणजे कुणाचा कोण माहीत नाही, एवढं त्यांना पाठ झालंय. पासवर्ड मात्र फोनवर ओरडून सांगावा लागायचा, आणि बाबांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणजे किल्ली आख्ख्या मजल्याला.

उरलेला एक स्टार कापला तो खिडकी नको तिथे गप्प बसते म्हणून. तुमच्या खात्यापुरतं ॲपडेटा नावाच्या तुमच्याच फोल्डरात बसणारं सॉफ्टवेअर परवानगी मागतच नाही. क्रोमला नो म्हटलं तरी ते तुमच्यापुरतं बसू शकतं. तेही ठीक, पण फोटो आणि कागदपत्रं तुमच्या खात्यातच असतात, ती लॉक करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला ॲडमिन कशाला लागतोय? खिडकी आली नाही म्हणजे सगळं आलबेल, असं बाबांना वाटायचं. म्हणून बॅकअपची वेगळी हार्ड डिस्क, महिन्याला एकदा जोडायची आणि काढून कपाटात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन म्हणून नवीन जाहीर केलंय, त्यात ॲडमिनलाही पिन किंवा बोट लावूनच पुढे जायचं, पण या बाबतीत त्यानेही काही फरक पडणार नाही.

पासवर्डचं शेवटी काय केलं ते सांगायचं राहिलं. तो आता आईकडे आहे. बाबांना नाही, आईला. तिने तो पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, पेन्सिलीने. बाबांना खिडकी आली की ते हाक मारतात, आई हात पुसत येते आणि विचारते, "कशाला हवंय?" कोण मागतंय ते खिडकी सांगते, कशाला ते कधीच सांगत नाही, आणि बाबांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. नाही सांगता आलं की आई नो दाबून परत स्वयंपाकघरात. परवा प्रिंटरच्या ड्रायव्हरला पण नो दाबला तिने, तो खरंच हवा होता, मग रात्री साडेनऊला मला फोन.