गावाचं जुनं रूप शोधताय? टोपोशीट, गाव नकाशा की उपग्रहचित्र

घणसोली, करावे, सारसोळे, दिवाळे... नवी मुंबईतल्या आपल्या गावची खाडी पूर्वी कुठवर होती हे शोधायचं, तर आधी नकाशा कुठला घ्यायचा ते ठरवा. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली, भराव पडत गेला तो त्यानंतर. म्हणून माझी अट एकच, नकाशासाठी जमिनीची पाहणी (सर्व्हे) त्याआधीची हवी. छपाईचं साल वेगळं असतं, ते बघून फसू नका.

या अटीवर उपग्रहचित्र लगेच मागे पडतं. गूगल अर्थवर स्पष्ट चित्रं मिळतात ती २००० नंतरची, तोवर वाशी उभी राहिली होती. आजच्या रस्त्यांशी जुळवणी करायला मात्र तेच लागतं.

महसूल खात्याच्या गाव नकाशात शीव, गावठाण, सर्व्हे नंबर सापडतात. सातबारा जवळ असेल तर आजोबांचं शेत बोट ठेवून दाखवता येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचाला एक मैल मापाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-ओढे-वस्ती दाखवणाऱ्या नकाशावर, ते जमत नाही. एकराचं शेत तिथे जेमतेम एक मिलिमीटर. हद्दीचा वाद असेल तर टोपोशीटच्या वाटेला जाऊच नका.

पण पाणी कुठून यायचं आणि कुठे अडायचं, हे कळतं टोपोशीटवरच. पारसिकच्या डोंगरावर तपकिरी समोच्च (सारखी उंची जोडणाऱ्या) रेषांची दाटी, खाली भातशेतीचा पिवळा पट्टा, पुढे खारबंदिस्तीचे, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध, त्यापलीकडे खाजण (भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल) आणि मिठागरं. गावं लाल रंगात. बारमाही पाणी निळं, तर पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेघेत. या काळ्या रेघा मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. तुमच्या सेक्टरात दर जुलैत पाणी तुंबतं तो कोपरा त्यांच्याशी ताडून पाहाच.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरची १:५०,००० ची शीट फुकट मिळते, पण तिची पाहणी अलीकडची. अमेरिकन लष्कराचे १९५० च्या दशकातले १:२,५०,००० चे नकाशेही फुकट आहेत. त्यांवर एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर मावतात, म्हणजे सगळी ठाणे खाडी तळहाताएवढी.

एकच निवडायचा तर मी एक इंची टोपोशीट घेईन. भूगोल शिकवणाऱ्या जुन्या कॉलेजांत विचारा. मिळाली की गावातल्या वयस्कर माणसापुढे पसरा आणि बांधाची उघाडी (पाणी सोडायचं दार) कुठे होती, कुठल्या खाराला, म्हणजे बांधाआतल्या शेतजमिनीला, काय म्हणायचे, ते पेन्सिलीने लिहून घ्या. ती नावं या तिन्हींत कुठेच छापलेली नाहीत.